तुम्ही विचारलंत म्हणून: माघारीचं खरं काय ते

गिरणीत डबा ठेवता ठेवता, लग्नात पंगतीला शेजारी बसल्यावर, गेल्या महिन्यात तर दवाखान्यातल्या बाकावर. प्रश्न तोच. "वहिनी, 2018 ला सांगली महापालिकेच्या निवडणुकीत तुम्ही माघार का घेतली नाही ओ? कुणी उभं केलं होतं?" काहीजण आवाज खाली आणतात. "किती मिळाले?"

पैशाचं आधी सांगते. एक रुपया मिळाला नाही. अनामत आणि पत्रकांचा खर्च मी भिशी उचलून केला आणि ती भिशी पुढं चौदा महिने फेडली. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, तो दिला. पोच माझ्याकडं आहे, कधीही या, दाखवते.

उभी का राहिले, हे शामरावनगरातल्या माणसानं तरी विचारू नये. तुम्हीही त्याच काळ्या मातीतून चपला हातात घेऊन येता. गुंठेवारीचा, म्हणजे विनापरवाना गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट कायदेशीर करायचा, कायदा 2001 ला आला, आम्ही पैसे भरून प्लॉट नियमित करून घेतला. पावती फाईलला लागली, दारासमोर गटार काही आलं नाही. एवढंच कारण. महिलेसाठी राखीव जागा होती म्हणून मला पुढं केलं, खरे उमेदवार मालक, असंही बोललं गेलं. ह्यांना चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो. माझ्या मनात आलं आणि मीच अर्ज भरला.

आता माघार.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुदत होती. सकाळपासून गिरणीत दळण कमी आणि माणसं जास्त. भावकीतले आले, मंडळातले आले. एका पॅनेलचा कार्यकर्ता म्हणाला, "वहिनी, चार जणांच्या प्रभागात एकट्या अपक्षाचं काय चालतंय?" त्यात खोटं काही नव्हतं. मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची असतात. पॅनेलचे चौघं एकमेकांना ओढून नेतात. मला ओढायला कोण होतं?

साडेबाराला हे घरी आले. कुपवाडच्या एमआयडीसीत अकरा वर्षं टर्नर होते, कंत्राटावर. पहिली पाळी साडेतीनला सुटते, त्यामुळं त्यांना दारात बघूनच माझ्या पोटात गोळा आला. हातपाय धुतले, ताटावर बसले, भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेबांनी आत बोलावलं होतं. घरी जाऊन मिसेसना समजावा म्हणाले."

"मग?"

"मग काय? तू ठरव. मी काही बोलणार नाही."

हे मी गल्लीत किती वेळा अभिमानानं सांगितलंय. नवऱ्यानं साथ दिली, म्हणून. ताटातली ती भाकरी मात्र मी कधी कुणाला सांगितली नाही.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. पुढचं नाही.

दीड वाजता मी "झेरॉक्स काढून येते" म्हणून बाहेर पडले आणि रिक्षा करून थेट निवडणूक कार्यालय गाठलं. माघारीचा अर्ज घेतला. पायरीवर बसून भरला. नाव, प्रभाग, जागा, सही. हात थरथरला वगैरे काही नाही. दळणाच्या वहीत करते तशी सही केली. मग आत जाऊन बाकावर बसले. माझ्यापुढं तीन-चार जण होते.

त्यातला एक पंचवीस-सव्वीसचा पोरगा, माझ्यासारखाच अपक्ष. दोन्ही बाजूंना दोघं, त्याच्या खांद्यावर हात टाकून, दोस्तासारखे. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "स्वतःच्या मर्जीनं घेताय ना?" पोरानं मान हलवली. बाहेर गेल्या गेल्या कुणीतरी त्याच्या तोंडात पेढा घातला. मला खिडकीतून दिसत होतं. त्याला तो चावता येईना. गाल फुगलेला तसाच ठेवून तो गाडीत बसला.

ते बघून मी पेटले, अर्ज फाडला आणि घरी आले, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. सांगून सांगून मला ते खरंही वाटायला लागलं. पण तसं झालं नव्हतं. अर्ज मी फाडला नाही. माझा नंबर आला तेव्हा मागच्या बाईंना म्हटलं, तुम्ही जा पुढं. मग आणखी एकाला जाऊ दिलं. घड्याळ समोरच्या भिंतीवर. अडीच. पावणेतीन. उठायला पाहिजे हे कळत होतं, ताटातली भाकरी डोळ्यांपुढं होती, आणि मी उठत नव्हते. "वेळ संपली," असं शिपाई ओरडला तेव्हा सही केलेला अर्ज माझ्या पिशवीत होता.

म्हणजे मी माघार नाकारली, असं म्हणता येत नाही. ती घ्यायची राहून गेली. का राहिली? भीतीनं पाय गळाले, की मनातून घ्यायचीच नव्हती? इतकी वर्षं झाली, मी दोन्ही उत्तरं आलटून पालटून धरते.

घरी आले तर बायका ताट घेऊन दारात. "वहिनी कुणाला भ्याली नाही बघा." मी ओवाळून घेतलं. तिथंच तोंड उघडायला हवं होतं.

पुढचं थोडक्यात. चिन्ह कपबशी मागितलं, मिळालं कपाट. मतदानाला दोन आठवडे उरलेले आणि वर पाऊस. पॅनेलची चिन्हं लोकांना जन्मापासून पाठ, माझं कपाट घरोघर जाऊन दाखवावं लागलं. 1 ऑगस्टला मतदान, 3 तारखेला मोजणी. मोजणीत केंद्रावार आकडे कळतात, हे कुणी उभं राहणार असेल तर त्यानं आधी लक्षात घ्यावं. माझ्या गल्लीच्या केंद्रावर मला 61 मतं पडली. कुणाच्या घरात किती माणसं, हे मला डब्यावरून माहीत आहे. त्या रात्री मी डबे मोजत जागी होते.

78 पैकी 41 जागा घेऊन भाजप सत्तेत आला, शहरभर त्याची चर्चा. आमच्या प्रभागात चर्चा माझी. कारण माझ्या जागेवर दुसऱ्या नंबरला राहिलेल्या बाई माझ्या मतांपेक्षा कमी फरकानं पडल्या. "तुम्ही मतं खाल्ली." मतं खाल्ली म्हणजे काय? ती त्यांच्या रानातली ज्वारी होती का? ज्यांनी मला दिलं त्यांनी विचार करून दिलं, चारातलं एक वेगळं दाबायला नीट बघावं लागतं. पण हेही सांगते, त्या बाई कामाच्या होत्या. त्या आल्या असत्या तर गटार झालं असतं का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीनंतर ह्यांना कंपनीनं ब्रेक दिला, परत बोलावलं नाही. त्या वेळी आणखी सहा जणांनाही काढलं होतं. कामच कमी झालं असेल. नसेलही. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, गिरणीची मोटार बुडाली, घरात पगार नव्हता. तेव्हा मी स्वतःला म्हटलं, त्या टेबलापर्यंत चार पावलं टाकली असतीस तर? आणि लगेच त्या पोराचा फुगलेला गाल आठवला.

2023 च्या ऑगस्टात सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, तेव्हापासून तुम्ही जास्तच विचारायला लागलात. म्हणून एकदा सगळं लिहिलं. झेरॉक्स काढायला दीड तास कसा लागला, हे ह्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.