तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रं रस्त्यापर्यंतच का जातं?

लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये नंबर लावून बसलेलो असताना, पोरीच्या शाळेत पालकसभेला, कुठंही कुणाला कळलं की मी श्वान पथकात हँडलर, म्हणजे कुत्रं हाताळणारा पोलीस, होतो की दोन मिनिटांत हा प्रश्न येतो. पेपरातली ती ओळ सगळ्यांना पाठ आहे, 'श्वान पथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले.' मग विचारतात, काय हो हवालदार, दर वेळी रस्त्यापर्यंतच कसं जातं तुमचं कुत्रं? काही जण तर तोंडावर म्हणतात की हे सगळं दाखवायला असतं, लोकांना वाटावं पोलीस काहीतरी करतायत.

इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आलो. चोर रस्त्यावर येतो, गाडीत बसतो, माग तिथं संपतो, कुत्रं तिथं थांबतं. हे खरंय. पण पुरतं खरं नाही, आणि आता रिटायर झालोय, कुणाला जबाब द्यायचा नाही, तर एकदा सगळं सांगून टाकतो.

आधी एक विनंती, झंजीरचं उदाहरण देऊ नका. झंजीर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्राडोर होता, 1993 च्या स्फोटांच्या वेळी त्यानं 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिलं, त्याच्यापुढं आम्ही सगळे मान झुकवतो. पण ते काम वेगळं आहे. आरडीएक्सचा वास ठरलेला, तो ट्रेनिंगमध्ये पक्का करून घेतलेला, आणि माल एका जागी पडून असतो. माझी रेवा डॉबरमन, ट्रॅकर. तिला दर केसला नवा माणूस, नवा वास, आणि तो माणूस तिथून कधीच निघून गेलेला. त्याच्या पावलांचा माग काढायचा, तोही गावातल्या शंभर लोकांनी तुडवून झाल्यावर.

पुण्याला ट्रेनिंगला गेलो तेव्हा एका कुत्र्यामागं आम्ही दोघं हँडलर होतो, तशी पद्धतच आहे, एक रजेवर गेला तरी कुत्र्याचं अडू नये. मातीत रेवा म्हणजे सोनं होती. नांगरट असो, गवत असो, उसाची सरी असो, लेयर म्हणजे माग पाडणारा माणूस तासभर आधी चालून गेला असला तरी ही नाक खाली घालून अशी ओढत न्यायची की लीड, म्हणजे तिचा लांब पट्टा, हाताला काचायची. आणि रस्ता आला की संपलं. डांबराच्या कडेला थांबायची, डावीकडं पाच पावलं, उजवीकडं पाच पावलं, परत जागेवर, आणि मग मान वर करून माझ्याकडं बघायची. लेयर पलीकडं बांधावर बसलेला असायचा, मध्ये फक्त रस्त्याची रुंदी.

असं का होतं ते मला तेव्हा कुणीतरी नीट समजावायला हवं होतं. मातीत पाय पडला की गवत चिरडतं, खालची ओल वर येते, आणि माणसाच्या अंगावरून कातडीचे बारीक कण सारखे गळत असतात ते त्या ओलीला धरून राहतात. डांबरावर काही चिरडत नाही, ओल नाही. एप्रिलमध्ये दहा वाजताच डांबर असं तापतं की पंजा टेकवत नाही, कण सुकतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या झोतानं उडून कडेच्या गटारीत, गवतात जाऊन पडतात, तेही लेयर गेला त्याच्या वीस पावलं पुढं नाहीतर मागं. वर कुत्रं तापलं की तोंड उघडून धापा टाकतं, अंग गार करायला त्याच्याकडं मुख्य उपाय तोच, आणि धापा टाकताना त्याला धड हुंगता येत नाही. म्हणजे जिथं नाक सगळ्यात जास्त लागतं तिथंच ते बंद पडतं.

पुढं एका पशुवैद्यकीय डॉक्टरांनी मला नॉर्वेतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, 1993 चा. चार जर्मन शेफर्ड, माग काढायला शिकलेले, त्यांच्या नाकापाशी मायक्रोफोन बसवून हुंगण्याचा आवाज टिपला होता. कुत्रं सेकंदाला सहाएक वेळा हुंगतं, आणि मागावर आडवं आलं की दोन ते पाच पावलं हुंगून तीन ते पाच सेकंदांत ठरवतं की माणूस कुठल्या दिशेला गेला. मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. त्यांनी गवतावरचे माग वीस मिनिटं जुने घेतले होते आणि काँक्रीटवरचे फक्त तीन मिनिटं जुने. थंड देश, तयार कुत्री, तरी काँक्रीटवर तीन मिनिटं. आणि आमच्याकडं घरफोडी रात्री दोनला होते, सकाळी आठला घरच्यांच्या लक्षात येते, आम्हाला निरोप दहाला, पोचेपर्यंत बारा.

हे सगळं आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसायचं की बाकीच्यांची कुत्री रस्ता ओलांडतायत आणि माझं थांबतंय. मी जोडीदाराला म्हणालो होतो की आपण दुसरं पिल्लू मागू, अजून वेळ गेलेली नाही. तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं, बाबा, जरा दम धर. पण तोही ऐकून घेणार नाही. तो म्हणेल, उद्या कुणाच्या तरी पोराचा खून होईल, तिथं हे कुत्रं रस्त्याच्या कडेला उभं राहील, मग त्या आईला काय सांगू, माझ्या कुत्र्याला ऊन लागलं म्हणून? याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

उस्ताद, म्हणजे आम्हाला ट्रेनिंग देणारे, मात्र घाई करत नव्हते. त्यांनी डांबर बंदच करून टाकलं. पहाटे दव असताना आधी मुरमाची गाडीवाट, पलीकडच्या कडेला पहिल्याच पावलावर मटणाचा तुकडा. मग कच्चा रस्ता, मग फुटकं डांबर, मग चांगलं डांबर पण उजाडायच्या आत. मग हळूहळू ऊन वाढवत नेलं, मागाचा वेळ वाढवत नेला, तुकडा लांब नेला. रेवा ओलांडायला लागली. दर वेळी नाही. चार वेळा ओलांडायची आणि पाचव्यांदा पुन्हा तेच, कडेला उभी, मान वर. मला बोलायला बंदी होती. तोंडानं नाही, लीडनं नाही, पायानं पण नाही, कारण मी एक पाऊल पलीकडं टाकलं की ती माझ्यासाठी पलीकडं जाईल, वासासाठी नाही.

आणि मग टेस्टचा दिवस. लेयर कुठून गेला ते मला माहीत नाही, कुठं संपला तेही नाही, ते फक्त उस्तादांच्या कागदावर. ढेकळांतून रेवानं मस्त ओढत नेलं, एक बांध, एक कोरडी चारी, मग पहिला रस्ता, छोटा, तो तिनं घुटमळून का होईना पार केला, कडेच्या गवतात बरंच खाली जाऊन. माझा जीव भांड्यात पडला. पुढं शेवरीची झाडं, मग दुसरा रस्ता, मोठा, ट्रकचा. तिथं ती थांबली.

हे जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. माग हरवलेलं कुत्रं आणि माग संपलेलं कुत्रं लांबून सारखंच दिसतं. दोन्ही घुटमळतात. हरवलेलं असेल तर ते मोठा फेरा मारतं, मागं वळून शेवटच्या खात्रीच्या पावलापाशी जातं, पुन्हा तिथून सुरू करतं, हुंगणं तुटक होतं. संपलेलं असेल तर फेरे लहान होत जातात, एकाच जागी नाक रोवलं जातं, श्वास भरभर आणि सलग, आणि मग एकदम मान वर येते. रेवानं त्या दिवशी दोन्ही केलं. आधी एक मोठा फेरा, मग लहान. नाकावर धूळ बसली होती आणि नाकपुडीच्या बाजूच्या फटींपाशी ती ओली होऊन दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या, एवढं मला दिसत होतं, लीड सैल पडली होती, आणि रस्त्यानं एक मोटारसायकल हळू होऊन त्यावरचा माणूस ओरडला, साहेब, एस्टीची वाट बघतंय का कुत्रं? मी मान वर केली नाही. उस्ताद मागं उभे, काही बोलेनात.

ती माझ्याकडं बघायला लागली. आता सांगायचं मला होतं. 'हरवलं' म्हणालो तर इतक्या दिवसांची तिची रस्त्याची खोड तशीच आहे असा अर्थ. 'संपलं' म्हणालो आणि लेयर पलीकडं बसलेला असला तर मी कुत्र्याच्या नावानं खोटं बोललो असा अर्थ. पुढं रेटायचं म्हटलं तर ती गेली असती, डॉबरमन माणसाच्या शब्दाला जीव देतं, पलीकडचा मिळेल तो माग धरून कुठल्या तरी वस्तीवर कुठल्या तरी माणसासमोर जाऊन उभी राहिली असती. तो विचार आला आणि माझं ठरलं. मी म्हणालो, उस्ताद, संपलं.

उस्तादांनी कागद दाखवला. लेयर त्या रस्त्याला लागला होता, डांबराच्या कडेकडेनं थोडं अंतर चालत गेला होता आणि तिथं जीपमध्ये बसला होता. म्हणजे माग रस्त्यावर संपला हे बरोबर, पण रेवा थांबली तिथं नाही, त्याच्या पुढं. आम्हाला पास केलं आणि खाली शेरा लिहिला, 'रस्त्यावर कमजोर'.

नोकरीत पुढं किती रस्त्यांच्या कडेला आम्ही उभे राहिलो. प्रत्येक ठिकाणी साहेब विचारणार, काय रे, काय म्हणतंय कुत्रं? तुम्ही ज्याला 'दाखवायला' म्हणता त्यात काय असतं ते ऐका. कुत्रं थांबलं तिथं गाडी उभी होती असं धरलं तर तिथली चाकोरी बघतात, सिगारेटची थोटकं बघतात, तिथून दोन्ही बाजूंच्या पेट्रोल पंपाचे आणि टोलनाक्याचे कॅमेरे काढतात, त्या वेळेच्या मोबाईल टॉवरच्या नोंदी काढतात. गुन्हेगार घरापासून रस्त्याला कुठल्या बाजूनं आला, बांधानं आला का गल्लीनं, म्हणजे माहीतगार आहे का परका, हेही त्या मागावरून कळतं. हे पेपरात येत नाही. पेपरात घुटमळणं येतं.

आणि हो, कोर्टात याला फार किंमत नाही, हेही ऐकवतात मला. माहितेय. 1969 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आपल्या महाराष्ट्रातलीच केस, रेल्वे रुळावरून घसरवल्याची. त्यात लिहिलंय की कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही, त्याच्या वतीनं हँडलर सांगतो, आणि माणसाचं आयुष्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगता येणार नाही. साहेब लोकांना हे खटकायचं, मला कधीच खटकलं नाही. त्या ट्रकच्या रस्त्यावर मी जे दोन शब्द बोललो ते कुणाच्या गळ्यात फास म्हणून पडावेत असं मलाही वाटत नाही. पण म्हणून कुत्रं आणूच नका असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. आणायचं असेल तर लवकर बोलवा. घरात चोरी झाली की आधी शेजारीपाजारी, मग पाहुणे, मग पुढारी, सगळे कपाटापर्यंत जाऊन हात लावून येतात, अंगणात शंभर चपला, आणि मग आम्हाला म्हणता वास द्या कुत्र्याला. कशाचा देऊ? दार ओढून घ्या, कुणाला आत सोडू नका, चोरानं हात लावलेली एखादी वस्तू असेल तर ती उचलू नका, पहाटेची वेळ असेल तर ऊन वर यायच्या आत फोन करा. एवढं केलंत तरी रेवासारख्या कुत्रीला डांबरावर थोडी आशा असते.

रेवा आता नाही. तिचा दुसरा हँडलर, माझा जोडीदार, टेस्टच्या दिवशी बांधावर उभा होता. तो अजून म्हणतो की लहान फेरे मारायच्या आधीच तिनं तोंड उघडलं होतं, म्हणजे ती तापली होती आणि तिचा माग हरवलाच होता, तू नशिबानं बरोबर आलास, शेरा योग्यच होता. मी म्हणतो तोंड नंतर उघडलं, आणि जीपच्या दाराचा, आत बसलेल्यांचा वास वाऱ्यानं तिथपर्यंत आला असणार. वारा त्या दिवशी कुठून होता यावर आमचं एकमत होत नाही. परवा फोनवर पुन्हा याच्यावरूनच वाजलं.