बुटक्यांच्या गावी, व्हाया चर्नी रोड

भाचीचा फोन वसुबारसेच्या आदल्या दिवशी आला. "मामा, यंदा किल्ला नाही. यंदा गाव केलंय. बुटक्यांचं. आणि पाच ड्रॅगन आहेत. येतोयस ना?" असल्या आमंत्रणाला नाही म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आधी गिरगावात, भाचीच्या चाळीत पोचायचं कसं ते सांगतो. मी डोंबिवलीहून दादर, पूल ओलांडून चर्चगेट स्लो आणि चर्नी रोड असा गेलो, आणि चुकलो. दिवाळीत दादरचा पूल म्हणजे झेंडूच्या पोत्यांची मिरवणूक असते. सेंट्रलवरून येणाऱ्यांनी सरळ सीएसएमटी गाठावं आणि भुयारी मेट्रो धरावी. मधे काळबादेवी, की पुढचं गिरगावच. ही मेट्रो बुटक्यांनी खणली, असं चाळीतल्या पोरांचं ठाम मत आहे. ठाकूरद्वारच्या बाजूला चालू लागा आणि दिसेल त्या पोराला "ड्रॅगनवाला किल्ला कुठंय?" विचारा. चाळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोरं घेऊन जातातच, तीही पळत.

गाव अंगणात, नळाच्या शेजारी. लांबी दोन खाटांएवढी, उंची माझ्या छातीला. आत विटांचे तुकडे आणि फुटक्या कुंड्या, वर गोणपाट, त्यावर चाळलेल्या मातीचा गिलावा. उतारावर पाच दिवसांपूर्वी पेरलेले अळीव आणि मोहरी बोटभर वर आले होते. इथवर नेहमीचा किल्ला. पण जवळ जाऊन उकिडवं बसलं की बाकीचं दिसायला लागतं. उभ्यानं बघून परत जाणाऱ्यांनी तिकिटाचे पैसे वाया घालवले असं समजावं.

डोंगरात तेवीस घरं कोरलेली. प्रत्येक घरात एक ओटा आणि दाराबाहेर चौकोनी खळगा. हे कान्हेरीवरून उचललंय. शाळेच्या सहलीत पोरांनी तिथं भिक्षूंचे दगडी ओटे पाहिले, आणि पावसाचं पाणी साठवायच्या पोढ्याही. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. पोरांच्या लक्षात राहिलं ते पाणी. खळग्यांत खरंच पाणी होतं, औषधाच्या ड्रॉपरनं भरलेलं. (तुम्हाला कान्हेरीला जायचं असेल तर सोमवार टाळा, नॅशनल पार्क बंद असतं.)

आता बुटके. बाजारात बुटक्यांची मातीची चित्रं मिळत नाहीत. म्हणून गेल्या वर्षीचे वाणी, गवळी, पोलीस, भाजीवाला असे सगळे गुडघ्यापर्यंत मातीत रोवले आणि हनुवटीला कापसाची दाढी चिकटवली. झाले बुटके! गवळणीलाही दाढी आहे. विचारलं तर उत्तर आलं, "त्यांच्यात असते."

ड्रॅगन मात्र खरी कारागिरी. तारेचा सांगाडा, त्यावर पेपरचा लगदा, पंखांना पतंगाचा कागद, डोळ्यांना फुटक्या बांगडीची हिरवी काच. सगळ्यात मोठ्याच्या जबड्यात धूपकांडी खोचलेली, त्यामुळे नाकातून धूर येतो आणि अख्ख्या अंगणाला देवघराचा वास.

हे ड्रॅगन बुटक्यांना खात कसे नाहीत, हा माझा प्रश्न. भाचीनं आधी माझ्याकडे कीव करून पाहिलं. मग म्हणाली, "मामा, ड्रॅगन म्हणजे घोरपडीचाच भाऊ. त्याला स्वतःची ऊब नसते, उन्हात पडून राहावं लागतं. बुटक्यांकडे भट्टी आहे. तो रात्री भट्टीपाशी झोपतो आणि सकाळी ती पेटवून देतो. कोळसा वाचतो." शिवाय आठवड्याला एक बोकड. श्रावणात नाही. गटारीला दोन. हा करार पाटीवर खडूनं लिहून वेशीवर टांगलाय, खाली पाच पंजांचे ठसे.

भांडण झालं ते आजोबांशी. महाराजांशिवाय किल्ला कसला, असं म्हणून ते तीन दिवस गॅलरीतून खाली उतरले नाहीत. शेवटी पोरांनी शेजारी वेगळा गड रचला, बुटक्यांच्या गावापेक्षा वीतभर उंच. वर सिंहासनावर महाराज, खाली दोरीचा पूल. गावाचा स्वराज्याशी तह झालाय. भट्टीतल्या तलवारी तिकडे जातात. आजोबा आता पाहुण्यांना स्वतः पूल दाखवतात आणि आयडिया आपलीच असल्याचं सांगतात.

इथं माझा पराक्रम. फोटोसाठी मागे सरकलो आणि धाकट्या ड्रॅगनच्या शेपटीवर पाय दिला. कटकन आवाज. कुणी रडलं नाही, ते जास्त लागलं. दंड : फुलबाज्यांची दोन पाकिटं आणि शेपूट वाळेपर्यंत हातात धरून बसणे. पाऊण तास. तेव्हा चपला बाहेर काढा, पिशवी पाठीला नको, फ्लॅश नको. सातच्या सुमारास या. पणत्या लागलेल्या असतात आणि फटाक्यांचा धूर अजून खाली उतरलेला नसतो. हात हलवत येऊ नका. चकली चालते, पण चॉकलेटला भाव जास्त.

दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, आता खरा डोंगर बघ. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल. पोरांनी कड्याला काड्या उभ्या लावून ज्याची नक्कल केली तो हा काळा बेसाल्ट, सुमारे 61 मीटर उंच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे जातात आणि असे खांब तयार होतात. स्टेशनवरून रिक्षा करा. पायऱ्या उभ्या आहेत, सकाळी लवकर चढा. वर गावदेवीचं मंदिर. पण खांब वरून दिसत नाहीत. ते बघायला खाली, इमारतींच्या फटीतून मान वर करावी लागते. बहुतेक जण वर दर्शन घेऊन निघून जातात. भाची मात्र खालीच रेंगाळली, बोटानं हवेत रेघा मारत. "आमच्या काड्या फार सरळ झाल्या," एवढंच म्हणाली.

गाव तुळशीच्या लग्नापर्यंत राहील असं पोरं म्हणतात. गेल्या वर्षीचा किल्ला पाडव्याच्या रात्री पावसानं नेला होता, म्हणून यंदा नळामागे निळी ताडपत्री गुंडाळून ठेवलीय. तुम्ही तिथं असताना थेंब पडायला लागले तर फोटो राहू दे, आधी तिचं एक टोक धरा. नळाकडचं धरा, तिथला खिळा ढिला आहे.