आमची वाटचाल : ओलं फडकं आणि साडेचार किलोंचा हातोडा

आमची संस्था लहान. काम एकच, डांबरी रस्त्याची गुणवत्ता तपासणारे तंत्रज्ञ घडवायचं. सुरुवातीला नमुना दाबून त्याची ताकद मोजणारं एक मार्शलचं यंत्र, चाळण्यांचा एक संच, वॉटर बाथ म्हणजे ठरावीक तापमानाच्या पाण्याची टाकी आणि वजनकाटा, एवढीच पुंजी होती. तरी ठोकायच्या हातोड्याबाबत आम्ही तडजोड केली नाही. ४.५४ किलो म्हणजे ४.५४ किलो आणि ४५७ मिलिमीटरवरून पडायचा म्हणजे तेवढ्याच उंचीवरून. मिक्सच्या, म्हणजे खडी-डांबराच्या मिश्रणाच्या, नमुन्याच्या दोन्ही बाजूंना ७५-७५ ठोके मारताना दांडा जरा जरी कलला तरी जोर वाया जातो, घनता कमी भरते, आणि बोल मात्र मिक्सला लागतो. म्हणून पहिल्या दिवशी मुलाच्या हातात पुस्तक नाही, हातोडा जातो.

दुसरं हत्यार म्हणजे ओलं फडकं. लोकांना त्याचं महत्त्व पटत नाही. घनता काढण्यासाठी पाण्यात बुडवलेला नमुना बाहेर काढल्यावर त्याचा पृष्ठभाग नुसता टिपायचा असतो. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसला की आतल्या पोकळ्यांमधलं पाणीही ओढलं जातं. बाराशे ग्रॅमच्या नमुन्यात असे तीन ग्रॅम गेले तर घनफळ कमी दिसतं, घनता वाढते आणि हवेच्या पोकळ्या अर्ध्या टक्क्याहून जास्त खाली येतात. नापास मिक्स कागदावर पास! ही चूक नुसत्या एकाच्या आकड्यांवरून पकडता येत नाही, हाताकडे बघावं लागतं. आमच्याकडे प्रत्येक मुलाने पुसलेला नमुना दुसरा मुलगा पुन्हा पुसून तोलतो. दोघांचे आकडे जुळेपर्यंत पुढचा धडा नाही.

आणि इथेच आमचं नुकसान झालं. आमच्याकडेच शिकलेला आणि पुढे आमच्याच वर्गावर शिकवणारा एक माणूस बाहेर पडला आणि त्याने दोन दिवसांचा कोर्स काढला. पडद्यावर चित्रं दाखवायची, शेवटी वीस प्रश्नांचा पेपर, संध्याकाळी प्रमाणपत्र. ठेकेदारांना फाइलला जोडायला कागद हवा होता, तो मिळाला. आमचे वर्ग ओस पडले. त्याने वाटलेल्या नोट्स आमच्याच होत्या. आम्ही समजावण्यासाठी घेतलेल्या उदाहरणाचे आकडेसुद्धा जसेच्या तसे, दशांश स्थळांपर्यंत! हे आजही मनात सलतं आणि सलत राहणार. त्या काळात यंत्र विकायला काढलं होतं. गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं होतं.

टिकलो ते मिक्स बनवणाऱ्या एका प्लांटच्या मालकामुळे. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी एकही नवा मुलगा दुसरीकडे पाठवला नाही. त्यांची रीत ठरलेली. ट्रकमधून मिक्स घ्यायचं, ढिगाच्या पायथ्याचं नाही, कारण तिथे मोठी खडी घरंगळून जमा झालेली असते. त्याची चौथाई करून, म्हणजे ढीग चार सारख्या भागांत वाटून, दोन भाग करायचे. एक त्यांच्या प्रयोगशाळेत, दुसरा आमच्या विद्यार्थ्याकडे. डांबराचं प्रमाण आणि चाळणीचे आकडे जुळले की मगच पुढच्या मुलाचं नाव यायचं. एकदा जुळले नाहीत तेव्हा त्यांनी फोन केला, "मास्तर, तुमचा पोरगा बरोबर आहे, आमचा सेंट्रीफ्यूज गळतोय." सेंट्रीफ्यूज म्हणजे मिक्समधलं डांबर वेगळं काढणारं यंत्र. त्या फोनने मला उभारी दिली, हे सांगायला संकोच वाटत नाही.

पुढे रस्ते बोलायला लागले. प्रयोगशाळेचे अहवाल एक सांगत होते आणि रस्त्यातून काढलेले कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेले गोल तुकडे, दुसरंच. मग त्याच ठेकेदारांनी प्रमाणपत्रवाली मुलं पुन्हा शिकायला आमच्याकडे पाठवली. त्यांना परीक्षेतलं सगळं यायचं. पण ६० अंशांच्या पाण्यातून नमुना काढून अर्ध्या मिनिटाच्या आत तो फोडायचा असतो, हे हाताला ठाऊक नव्हतं. उशिराने नमुना थंड होऊन मार्शल स्थिरता, म्हणजे नमुन्याने पेललेला भार, जास्त आली की ती डांबराला श्रेय देत बसायची. ज्यांनी आमचे वर्ग ओस पाडले त्यांच्यापैकी कुणी चुकलो म्हटलं नाही. मुलं मात्र आम्ही परत घेतली आणि पुन्हा पहिल्या हातोड्यापासून शिकवली.

आता इग्निशन ओव्हनही आहे, म्हणजे मिक्समधलं डांबर जाळून त्याचं प्रमाण काढणारी भट्टी. त्यात काही खडीचं वजन जळण्याने घटतं आणि ती घट डांबरात मोजली जाते. म्हणून त्या खाणीच्या खडीसाठी दुरुस्तीचा आकडा आधी काढा, मगच अहवालावर सही करा. नवी प्रयोगशाळा थाटणाऱ्यांना आणखी सांगतो : ओव्हनआधी चांगला काटा घ्या. थर्मामीटर दर मोसमात पडताळा, कारण पेव्हरमागे, म्हणजे मिक्स पसरवणाऱ्या यंत्रामागे, मिक्स भराभर थंड होतं आणि थंड थरावर रोलर कितीही फिरवला तरी घनता येत नाही. आणि मुलाला शिकवताना त्याच्या वहीकडे नाही, मनगटाकडे बघा.

काकांच्या प्लांटवरचा तो पहिला पोरगा, ज्याचा आकडा बरोबर निघाला होता, तो आता आमच्याकडे फडक्याचा धडा घेतो. नव्या तुकडीत काकांनी पाठवलेली दोन मुलं आहेत.