सोलापूरची थंडी, कातरवेळ आणि मारवा

सोलापुरात थंडीचं कौतुकच असतं. मे महिन्यात ४४ अंशांत भाजून निघालेल्या गावाला डिसेंबर सुखाचाच वाटणार. शेताशेतात हुरडा, सोबत शेंगाचटणी, सकाळी संभाजी तलावाकाठी कानटोप्या घालून फिरणारी मंडळी, आणि पुढे संक्रांतीच्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची, वाट पाहणं. अशा गावात 'मला हिवाळा सोसत नाही' हे कुणाला सांगायचं? पण माझं तसंच आहे. दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की मनावर मरगळ येते आणि ती संक्रांतीपर्यंत हलत नाही.

झोप वाढते आणि उठल्यावरही अंग जड राहतं. सारखं गोड खावंसं वाटतं. बहिणीचा फोन वाजत असतो, मी स्क्रीनकडे बघत बसते, उचलवत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. दिवसभर मागांचा खडखडाट कानात असतो, तोवर ठीक. सुटून घरी येईपर्यंत अंधारून येतं आणि दाराचं कुलूप काढतानाच घशाशी काहीतरी दाटतं. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून हे जास्त जाणवायला लागलं.

डॉक्टरांनी आधी थायरॉईड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतलं. ते बरंच केलं, कारण थकवा आणि उदासी त्यांच्यामुळेही येते. ते सगळं ठीक निघालं, तेव्हा त्यांनी ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याबद्दल सांगितलं. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं. विषुववृत्तापासून दूर, जिथे हिवाळ्यात दिवस फारच लहान होतो, अशा देशांत ते जास्त दिसतं. उजेड कमी झाला की शरीरातलं घड्याळ आणि झोपेशी संबंधित मेलाटोनिन यांचा मेळ बिघडतो, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. आपल्याकडे फरक तेवढा नाही. सोलापुरात जूनमधला मोठा दिवस साधारण तेरा तासांचा, डिसेंबरमधला लहान दिवस अकरा तासांचा. "तुमचं तेच आहे असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण सकाळचं ऊन घ्या, चाला, आणि संध्याकाळी एकट्या बसू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच राहिलं, जेवण-झोप बिघडली, तर मला भेटा." टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही त्यांनी लिहून दिला. तिथे मराठीत बोलता येतं. तो कागद मी फ्रीजवर लावून ठेवलाय.

सकाळचं ऊन जमलं. संध्याकाळचा प्रश्न राहिला.

कारखान्यातल्या अक्कांनी मला नाचाच्या, उडत्या चालीच्या गाण्यांची एक यादीच पाठवली. "हे लावा, बघा कसं बरं वाटतं." त्यांचं प्रेम खरं, गाणीही चांगली. पण कातरवेळी ती लावली की मला जास्तच एकटं वाटायचं. बाहेर सगळे आनंदात आहेत आणि मी मात्र आत अडकलेय, असं काहीसं. मी ती बंद करायचे आणि मग शांतता आणखी अंगावर यायची.

मारवा हा राग माझ्यापर्यंत आला तो उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या आवाजात. गाणं मी शाळेत असताना थोडं शिकले होते, प्रवेशिकेची परीक्षा दिली होती, तेवढंच. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नाही. तानपुऱ्याची पहिली तारही एरवीसारखी पंचमात नसते, ती निषादात (नी) किंवा धैवतात (ध) लावतात. ऋषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि षड्ज (सा) असूनही गायक त्याच्यावर लवकर येऊन थांबत नाही. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यातच फिरत राहतो. घर समोर दिसतंय आणि पाऊल आत पडत नाही, अशी ती अस्वस्थता. मी अंधारात बसून ऐकत होते आणि किती वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे मला समजावत नाहीये, माझ्याजवळ बसलंय. मी रडले. मग उठून चहा टाकला.

संगीतोपचारातही असंच मानतात, हे मी नंतर वाचलं. आधी ज्या मनःस्थितीत माणूस आहे तिला जुळणारं संगीत द्यायचं आणि मग हळूहळू पुढे न्यायचं. मला त्यात आपल्या रागांच्या वेळा दिसल्या. सूर्यास्ताच्या आसपास गायचे ते संधिप्रकाश राग. मारवा, पूरियाधनाश्री आणि श्री हे त्यातलेच, आणि श्री रागाचं तर परंपरेत हेमंत ऋतूशीच नातं जोडलंय. हेमंतातली संध्याकाळ जड जाते हे आपल्या गवयांना फार आधीपासून ठाऊक असावं, असं माझं मत आहे.

मग मी क्रमच लावला. दिवा लावला की मारवा. त्यानंतर पूरियाधनाश्री, बहुतेक वेळा भीमसेन जोशींचा. यात ऋषभ कोमलच राहतो, धैवतही कोमल होतो, पण पंचम येतो. मारव्यानंतर तो पहिला पंचम लागतो तेव्हा अक्षरशः पाय जमिनीला टेकल्यासारखं होतं. आणि स्वयंपाकाला उभी राहिले की यमन. तिथे ऋषभ आणि धैवत दोन्ही शुद्ध होतात, मध्यम तेवढा तीव्र राहतो. हा बदल कानांना कळायला शास्त्र यावंच लागतं असं नाही. माझ्या नवऱ्याला सरगम माहीत नाही, पण यमन सुरू झाला की तो भाकरीच्या पिठाला हात लावायला आत येतो.

नुसतं ऐकून मात्र मी एका मर्यादेपर्यंतच आले. पुढचं काम शेजारच्या काकूंनी केलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकवाला गेले, तर त्यांचं भजनी मंडळ बसलेलं. मी कोपऱ्यात टेकले. काकूंनी सरळ टाळ हातात दिले. "अगं, गाऊ नकोस हवं तर. ठेका तरी धर." ठेका धरला, आणि दोन अभंगांनंतर तोंडही उघडलं. दहाबारा बायका एका सुरात (आणि काही जणी थोड्या वेगळ्या सुरात) गातात, तेव्हा श्वास आपोआप लांब होतो आणि छाती मोकळी होते. हेडफोनमधून हे मिळत नाही. मंडळात तेलुगू बोलणाऱ्या आहेत, कानडी बोलणाऱ्या आहेत. एक आजी सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची कानडी वचनं म्हणतात. बाराव्या शतकात ज्यांनी आमचं सिद्धेश्वर तळं खोदवून घेतलं त्यांचीच वचनं, त्याच तळ्याच्या गावात ऐकायची. मला अर्धीच कळतात, तरी अंगावर काटा येतो.

नोव्हेंबरचा शेवट मला सगळ्यात जड का जातो, हेही सूर्यास्ताच्या वेळा बघितल्यावर कळलं. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सोलापुरात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या दहाएक मिनिटं आधी. संक्रांतीपर्यंत तो सव्वासहाच्या जवळ पोचतो. म्हणजे गड्डा येईपर्यंत माझी संध्याकाळ वीसेक मिनिटांनी वाढलेली असते.

यंदा गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, मी संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत उभी राहिले. मागची काही वर्षं जायचंच टाळलं होतं. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, ते सातही नंदीध्वज समोर, बाराबंदीतली माणसं, हलग्या, आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झाल्याबरोबर हजारो हातांतून उडालेल्या अक्षता. 'बोला हर्र'चा पुकारा मीही घसा फाटेस्तोवर केला आणि घरी येऊन आपण होऊन बहिणीला फोन लावला.

मरगळ पुढच्या वर्षी येणारच नाही असं मी मानत नाही. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतरचे गुरुवार आताच मोकळे ठेवलेत, आणि काकूंना सांगून ठेवलंय, "मी नाही आले तर दार वाजवा. नाही म्हटलं तरी टाळ हातात द्या."