तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्नीच्या नव्या रिसॉर्टसाठी थांबायचं का?

"ताई, ते तळ्याकाठचं नवं रिसॉर्ट येतंय म्हणे. मग आत्ता घ्यायचं की त्याच्यासाठी थांबायचं?"

आम्ही फ्लोरिडात राहतो आणि आमच्याकडे डिस्नीच्या टाइमशेअरचे पॉइंट आहेत, हे कळलं की हा प्रश्न येतोच. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत येतो, मराठी शाळा सुटल्यावर गाड्यांपाशी येतो, न्यू जर्सीहून मावसबहिणीच्या फोनवर येतो. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. डिस्नीचं टाइमशेअर म्हणजे डिस्नी व्हेकेशन क्लब. तो १९९१ मध्ये सुरू झाला. एखाद्या रिसॉर्टमधला हिस्सा तुम्ही ठरावीक मुदतीसाठी विकत घेता, त्याचे दरवर्षी पॉइंट मिळतात आणि ते खर्चून तुम्ही राहता. जमीन डिस्नीचीच असते. मुदत संपली की तुमचा हक्कही संपतो. मेंटेनन्स, म्हणजे देखभालीचा खर्च, दरवर्षी भरावा लागतो, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. ज्या रिसॉर्टचे पॉइंट घेतलेत तिथलं आरक्षण ११ महिने आधी करता येतं, क्लबच्या इतर रिसॉर्टचं ७ महिने आधी. हा चार महिन्यांचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि नवं रिसॉर्ट म्हणजे डिस्नी लेकशोर लॉज. ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये, बे लेकच्या काठावर, वाइल्डरनेस लॉज आणि फोर्ट वाइल्डरनेस या डिस्नीच्याच दोन रिसॉर्टच्या मधल्या पट्ट्यात ते उभं राहतंय. २०२७ मध्ये उघडणार असं डिस्नीने जाहीर केलंय.

या जागेचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. १९७६ मध्ये इथे 'रिव्हर कंट्री' नावाचं डिस्नीचं पहिलं वॉटर पार्क सुरू झालं. २००१ च्या शेवटी ते बंद झालं ते परत उघडलंच नाही, आणि घसरगुंड्या, तलाव सगळं वर्षानुवर्षं झाडोऱ्यात तसंच पडून राहिलं. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये घोषणा झाली की इथे 'रिफ्लेक्शन्स' नावाचं ९०० हून जास्त खोल्यांचं रिसॉर्ट होणार, २०२२ मध्ये उघडणार. जुनं पाडून जागा साफही झाली. २०२० मध्ये कोविड आला आणि काम थांबलं. तेव्हा "रिफ्लेक्शन्स येईपर्यंत थांबू" म्हणणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत. त्यांच्या मुलांचं राजकन्यांना भेटायचं वय त्या थांबण्यात निघून गेलं. आता त्याच जागी नवं नाव, नवा आराखडा आहे आणि या वेळी बांधकाम खरोखर चालू आहे. तरीही कोणी तारीख सांगितली की मला २०१८ आठवतं.

अफवांचं काय, असंही विचारतात. आपण गावाकडे जमीन घेताना सातबारा बघितल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही, तसे इथलेही कागद आहेत आणि ते कोणालाही बघता येतात. पावसाचं पाणी कुठे मुरणार, कुठे साठणार याचा परवाना साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टकडून घ्यावा लागतो, त्यामुळे नव्या बांधकामाचा पहिला नकाशा बहुतेक वेळा तिथेच दिसतो. इमारतीचा आकार, पार्किंग, पाणी साठवायचं तळं एवढं त्यात असतं. हॉटेल आहे की टाइमशेअर, आत खोल्या कशा असतील, हे त्यात नसतं. त्यानंतर ऑरेंज काउंटीच्या कंप्ट्रोलरकडे, म्हणजे कागदपत्रांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, 'नोटीस ऑफ कमेन्समेंट' नावाचा साधा कागद नोंदवला जातो. त्यावर मालकाचं नाव, कंत्राटदाराचं नाव, पत्ता आणि कामाच्या वर्णनात बहुतेकदा फक्त 'जनरल कन्स्ट्रक्शन' असतं. वेगळी तारीख लिहिली नसेल तर त्याची मुदत एक वर्ष. एवढ्याशा कागदावरून लोक रेस्टॉरंटचा मेन्यू सांगायला लागतात! त्या कागदावरून कळतं ते इतकंच की अमुक कंत्राटदार अमुक जागी काम सुरू करतोय.

खरा कागद शेवटी येतो. विक्रीआधी कंपनीला राज्य सरकारकडे माहितीपत्रक दाखल करावं लागतं आणि खरेदीदाराला द्यावं लागतं. मुदत कोणत्या साली संपते, मेंटेनन्सचा अंदाज किती, हक्कावर कोणत्या अटी, हे सगळं त्यात असतं. लॉबी कशी असेल, भिंतींवर कुठल्या सिनेमाची चित्रं असतील, यावर अंदाज बांधायला मलाही आवडतं. पण तुमचे पैसे ज्याच्यावर ठरतात ती गोष्ट वेगळीच आहे. नवी इमारत जुन्याच संघटनेत (म्हणजे एखाद्या रिसॉर्टच्या सगळ्या हिस्सेदारांच्या कायदेशीर संस्थेत) घेतली जाणार की तिच्यासाठी नवी व्यवस्था उभी राहणार, हा खरा प्रश्न.

डिस्नी वर्ल्डमधल्याच पॉलिनेशियन रिसॉर्टचं उदाहरण घ्या. तिथे नवा टॉवर बांधायला घेतला तेव्हा याच एका मुद्द्यावर सगळे अडून बसले होते. शेवटी डिस्नीने तो टॉवर जुन्याच पॉलिनेशियन संघटनेत घेतला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो उघडला. त्यामुळे त्याची मुदत जुन्या इमारतींसारखी २०६६ लाच संपते. म्हणजे आज घेणाऱ्याला नव्या कोऱ्या इमारतीत ५० वर्षं मिळत नाहीत. पण जुन्या मालकांना मात्र टॉवरमध्येही ११ महिने आधी आरक्षण करायची मुभा मिळाली, आणि ज्यांनी जुन्या रिसॉर्टचे पॉइंट रिसेलमध्ये, म्हणजे डिस्नीऐवजी आधीच्या मालकाकडून, घेतले होते त्यांनाही टॉवर खुला राहिला.

रिसेलचा नियम इथे सांगायलाच हवा. १९ जानेवारी २०१९ पासून डिस्नीने तो बदलला. तेव्हापासून जुन्या १४ रिसॉर्टचे पॉइंट दुसऱ्या मालकाकडून घेतले, तर ते त्या १४ मध्येच चालतात. रिव्हिएरा हे रिसॉर्ट आणि त्यानंतरच्या नव्या संघटना यांमध्ये चालत नाहीत. आणि रिव्हिएराचे पॉइंट रिसेलमध्ये घेतले तर फक्त रिव्हिएरातच राहता येतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँड हॉटेलच्या व्हिला २०२३ मध्ये आल्या, फोर्ट वाइल्डरनेसच्या केबिन २०२४ मध्ये आल्या, दोन्हींना हेच बंधन. उद्या तुम्हालाच विकायची वेळ आली तर समोरचा गिऱ्हाईक हे बघूनच भाव करणार.

केबिनच्या वेळी आणखी एक बदल झाला. आधीच्या रिसॉर्टमध्ये तुमच्या नावावर खरेदीखत होत होतं, केबिनमध्ये मात्र पहिल्यांदाच ट्रस्टमधला हिस्सा विकायला सुरुवात झाली. लेकशोर लॉज या केबिनला जवळजवळ खेटून आहे. म्हणून माझा अंदाज असा की तेही ट्रस्टमध्येच जाईल, रिसेलवर तेच बंधन येईल, आणि मुदत साधारण ५० वर्षांची असेल. डिस्नीलँड हॉटेलची २०७४ पर्यंत आहे, केबिनची २०७५ पर्यंत, तेव्हा ही त्याच्या थोडी पुढे. ट्रस्टमध्ये कंपनीची सोय आहे, कारण प्रत्येक रिसॉर्टसाठी नवी संघटना न काढता एकाच व्यवस्थेत पुढची रिसॉर्ट जोडत जाता येतात. हा माझा अंदाज आहे. तुम्ही माहितीपत्रकात हीच पानं आधी काढून वाचा.

दुसरी बघायची गोष्ट पॉइंटचा तक्ता, म्हणजे कुठल्या खोलीला कुठल्या रात्री किती पॉइंट लागतात ते. नव्या रिसॉर्टमध्ये एका रात्रीला जुन्यापेक्षा बहुधा जास्त पॉइंट लागतात. एकदा तक्ता जाहीर झाला की वर्षाचे एकूण पॉइंट कंपनीला वाढवता येत नाहीत, फक्त एका हंगामातून काढून दुसऱ्यात टाकता येतात. म्हणून पॉइंटचा भाव किती, यापेक्षा तुमच्या आठवड्याला किती पॉइंट लागतात ते आधी मोजा. समजा तुम्ही १५० पॉइंट घेतले आणि मेंटेनन्स पॉइंटमागे ९ डॉलर असला, तर वर्षाला १३५० डॉलर झाले, आणि हा आकडा दरवर्षी थोडा थोडा वर सरकतो. डिस्नीकडून थेट घ्यायचं तर नव्या रिसॉर्टचा भाव आता पॉइंटला २०० डॉलरच्या वरच असतो. सुरुवातीला जुन्या सदस्यांना सवलती मिळतात, पुढे भाव चढतो. त्यामुळे घ्यायचंच ठरलं असेल तर विक्रीचे पहिले महिने चांगले.

आता आपल्या घरांबद्दल, कारण विचारणारे बहुतेक आपलेच असतात. आपण चौघेच जात नाही. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की त्यांना घेऊन जातो. आमच्याकडे सासूबाई येतात तेव्हा कुकर सोबतच असतो. स्टुडिओत मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो, शेगडी नसते. एक बेडरूमच्या व्हिलामध्ये पूर्ण स्वयंपाकघर असतं, कपडे धुवायचं मशीनही असतं. सकाळी लवकर पार्कमध्ये जायचं, ऊन डोक्यावर आलं की परत यायचं, आमटी-भात खाऊन थोडं आडवं व्हायचं आणि संध्याकाळी आतषबाजीसाठी पुन्हा निघायचं. सत्तरीच्या माणसांना फ्लोरिडाचा जुलै याच पद्धतीने झेपतो. सासरे तर दुपारच्या त्या दोन तासांसाठीच यायला तयार होतात. हे जमायचं तर रिसॉर्ट पार्कच्या जवळच हवं, आणि जवळ असणं म्हणजे येण्याजाण्याची सोय असणं.

लेकशोर लॉजबद्दल मी सगळ्यात जास्त विचार करते तो इथे. बे लेक टॉवर या रिसॉर्टमधून मॅजिक किंगडम या मुख्य पार्कला चालत जाता येतं. ग्रँड फ्लोरिडियन रिसॉर्टहून चालतही जाता येतं आणि मोनोरेलनेही. पॉलिनेशियनला मोनोरेल आहे. शेजारच्या वाइल्डरनेस लॉजहून मात्र बोट किंवा बस. लेकशोर लॉजचंही तसंच होईल असं मी धरून चालते. मोनोरेल तिथवर वाढवतील यावर माझा अजिबात विश्वास नाही. बोटीने जायला फार छान वाटतं, मुलांना तर पार्कपेक्षा बोट जास्त आवडते. पण उन्हाळ्यात दुपारी तीन-चारला ढग भरून येतात, विजा कडाडायला लागतात आणि बोटी थांबवतात. मग धक्क्यावरचे सगळेच्या सगळे बसच्या रांगेत. व्हीलचेअर किंवा बाबागाडी बरोबर असेल तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्या. ज्यांचे आई-वडील उन्हाळ्यातच येतात त्यांना मी बे लेक टॉवर किंवा ग्रँड फ्लोरिडियनचं रिसेल बघायला सांगते, नवेपणाचा मोह कितीही झाला तरी.

आणि ते ११ महिने. इकडे तुमचं आरक्षण ११ महिने आधी, आणि तिकडे आई-बाबांच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच ठरलेली नसते. व्हिसा मिळून तिकिटं निघेपर्यंत ७ महिन्यांची खिडकीसुद्धा उलटून गेलेली असते, आणि तेव्हा मोठे व्हिला शिल्लक नसतात. यावर उपाय एकच, की त्यांच्या येण्याचा महिना अंदाजाने धरून आपल्या होम रिसॉर्टचं (ज्याचे पॉइंट घेतलेत त्याचं) आरक्षण आधीच करून ठेवायचं आणि नाही जमलं तर वेळेत रद्द करून पॉइंट पुढच्या वर्षात टाकायचे. अशी आखणी ज्यांना त्रासाची वाटते त्यांनी पॉइंट घेऊ नयेत, हॉटेल बुक करावं. त्यात काहीही कमीपणा नाही.

"स्वस्तात दुसरं कुठलं घ्यावं का?" हाही एक प्रश्न असतो. इंटरनॅशनल ड्राइव्हवर आणि हायवे १९२ वर पार्कची तिकिटं स्वस्तात देऊन टाइमशेअरच्या सादरीकरणाला बसवतात. तासन् तास उठू देत नाहीत, आणि अशा ठिकाणी घेतलेले बरेच टाइमशेअर पुढे एका डॉलरला विकायला काढलेले दिसतात. तिकिटासाठी आई-वडिलांना तिथे नेऊन बसवू नका.

मग थांबायचं का? मुलं आत्ता पाच-सहा वर्षांची असतील तर थांबू नका. जुन्या १४ पैकी, पार्कच्या जवळचं, मुदत भरपूर उरलेलं रिसेलमध्ये बघा. बोर्डवॉक आणि बीच क्लब ही रिसॉर्ट एपकॉट पार्कपासून चालण्याच्या अंतरावर आहेत आणि मला मनापासून आवडतात, पण त्यांची मुदत ३१ जानेवारी २०४२ ला संपते. त्यानंतर डिस्नी त्या इमारती नव्याने सजवून पुन्हा विकायला काढेल असं मला वाटतं, इतकी मोक्याची जागा कोण सोडेल? किमतीत ती कमी वर्षं धरली असतील तरच घ्या. मुलं मोठी असतील, नातवंडांपर्यंतचा विचार असेल, तळ्याकाठची शांतता हवी असेल आणि विकायचा प्रश्न येणार नसेल, तर लेकशोर लॉजसाठी थांबणं योग्य आहे. मॅजिक किंगडममध्ये बिग थंडर या राइडच्या मागे मोठा विस्तार होतोय, त्यामुळे या बाजूच्या खोल्यांना मागणी वाढणारच.

आणि सही केलीत तरी फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे टाइमशेअरचा करार रद्द करायला १० दिवस मिळतात. सही केल्याचा दिवस किंवा शेवटचा आवश्यक कागद हातात आल्याचा दिवस, यातला जो नंतरचा तिथून मोजायचे. सुट्ट्याही त्यातच धरल्या जातात. रद्द करायचं तर ते लेखी कळवायचं. कुठे आणि कसं, ते करारातच छापलेलं असतं. त्या १० दिवसांत माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे या, बसून वाचू.