अकॅडमीच्या निवडीत माझा वेळ चौथा होता

शर्यतीच्या गाडीची सीट आपल्या अंगाच्या मापाने ओतायची असते, हे निवड फेरीला पोचेपर्यंत मला माहीत नव्हतं. गाडीच्या आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरतात, आपण रेसिंग सूट घालून तिच्यावर बसायचं, मग दोन रसायनं मिसळून पिशवीत ओततात. फेस फुगत पाठीला, कमरेला, बरगड्यांना येऊन भिडतो. गरम लागतो. तो घट्ट होईपर्यंत अजिबात हलायचं नाही. मेकॅनिक म्हणाला होता, शर्यतीत बसतेस तशीच बस. मी बसले परीक्षेला बसतात तशी, खांदे आक्रसून. फेसाने इमानदारीत तोच आकार घेतला, आणि पुढचे दोन दिवस मी माझ्याच घाबरटपणाच्या साच्यात बसून गाडी चालवली. उजव्या बरगडीवरचा काळानिळा डाग बरेच दिवस होता.

मी तेव्हा १६ वर्षांची होते. एका मोटार कंपनीच्या ज्युनियर ड्रायव्हर कार्यक्रमाची, म्हणजे शर्यतीचे तरुण चालक घडवणाऱ्या अकॅडमीची, निवड फेरी होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, करारातच तशी अट आहे.

अशा कार्यक्रमांची चर्चा होते ती त्यातून निघालेल्या मोठ्या नावांमुळे. फेरारीने आपली अकॅडमी २००९ मध्ये सुरू केली, तिचा पहिला विद्यार्थी ज्यूल बियांकी, तो पुढे फॉर्म्युला १ मध्ये उतरला. शार्ल लक्लेर २०१६ मध्ये तिथे आला, त्याच वर्षी जीपी३, पुढच्या वर्षी फॉर्म्युला २ या फॉर्म्युला १ च्या खालच्या मालिका जिंकला आणि २०१९ मध्ये फेरारीच्याच फॉर्म्युला १ गाडीत बसला. पुढे मर्सिडीजच्याच फॉर्म्युला १ संघात गेलेल्या किमी अँटोनेलीला त्यांनी तो कार्टिंगमध्ये, म्हणजे मुलं जिथून सुरुवात करतात त्या छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीत, असतानाच धरलं. पण मी भिंतीवर चिकटवला होता तो माया व्यूगचा फोटो. एफआयएची (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) मुलींसाठीची निवड जिंकून २०२१ मध्ये ती फेरारीच्या अकॅडमीत गेली, तिथली पहिली मुलगी. बाबांना वाटायचं, ती कुणी नटी असेल.

अर्ज साधा होता: कार्टिंगमधले निकाल, लायसन्स, वैद्यकीय तपासणी आणि गाडीवरच्या कॅमेऱ्याचं एका पूर्ण शर्यतीचं न कापलेलं चित्रण. हे ‘न कापलेलं’ महत्त्वाचं. मी जिंकलेल्या शर्यतीचं पाठवणार होते. बाबा म्हणाले, "ती नको. त्यात तू पहिल्या वळणापासून पुढे आहेस, बघणाऱ्याला नुसता रस्ता दिसेल." मग अकराव्या जागेवरून पाचवी आले होते ती शर्यत पाठवली. अर्जातला शहाणपणा असेल तर तो एवढाच, आणि तोही माझा नाही.

पहिल्या फेरीत सिम्युलेटर, व्यायामाच्या चाचण्या, मुलाखत. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. दिवे लागतील तसे हात मारायचा फळा असतो, त्याचा लोक उगाच बाऊ करतात. मानेची चाचणी मात्र खरी. वेगवान वळणात डोकं ओढलं जातं तसं डोक्याला पट्टा लावून बाजूला ओढतात आणि मान सरळ ठेवायची. २०२४ मध्ये जेद्दाच्या फॉर्म्युला १ शर्यतीत फेरारीच्या अकॅडमीतल्या ऑली बेअरमनला अठराव्या वर्षी ऐनवेळी फेरारीत बसवलं आणि तो सातवा आला. तेव्हा सगळे त्याच्या वेगाबद्दल बोलत होते, मी त्याच्या मानेकडे बघत होते.

खरी परीक्षा ट्रॅकवरची. सहा जण, दोन दिवस, कार्टनंतरची पहिली पायरी असलेली फॉर्म्युला ४ ची गाडी.

कार्टमध्ये सात वर्षं घालवलेल्या माणसाला ही गाडी आधी काय करते, तर खोटं पाडते. कार्टला सस्पेन्शन नाही, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. वळताना आतलं मागचं चाक जरा उचललं गेलं नाही तर कार्ट वळतच नाही, म्हणून आपण स्टिअरिंगला झटका द्यायला शिकतो. माझ्या वर्गात ब्रेकही फक्त मागच्या चाकांना होते. फॉर्म्युला ४ मध्ये चारही चाकांना ब्रेक. पहिल्यांदा पाय जीव खाऊन मारायचा, मग वेग उतरेल तसा हळूहळू सोडत वळणात शिरायचं, म्हणजे वजन पुढच्या टायरवर राहतं आणि नाक वळतं. झटका दिलात तर पुढचे टायर नुसते घासत जातात. ब्रेक मारताना चाक अडकू न देणारं एबीएस नाही, चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही, पॉवर स्टिअरिंगही नाही. लांब, वेगवान वळणात स्टिअरिंग इतकं जड होतं की पहिल्या दिवशी दुपारी मला बाटलीचं झाकण उघडता येईना. बाजूच्या मुलाने न विचारता उघडून दिलं, त्याचा राग आला होता. नंतर कळलं, त्याचेही हात थरथरत होते.

दुसऱ्या सत्रात गाडी फिरली. मधल्या लांब उजव्या वळणात मागची बाजू सुटली, एक पूर्ण गिरकी, आणि मी गवतात उलट्या तोंडाने. कुठे धडकले नाही. परत आल्यावर इंजिनीअरने विचारलं, काय झालं? मी लगेच म्हटलं, "टायर थंड होते."

तो काही बोलला नाही. पडद्यावर माझ्या फेरीच्या रेषा काढल्या: वेग, ब्रेकचा दाब, स्टिअरिंग, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर). थ्रॉटलच्या रेषेवर बोट ठेवलं. वळणाच्या मध्यावर ती एकदम कड्यावरून पडल्यासारखी शून्यावर आली होती. भीती वाटली, मी पाय उचलला, वजन पुढे गेलं, मागचे टायर हलके झाले, गाडी फिरली. टायरचा संबंध नव्हता. ती सत्राची सातवी फेरी होती. तोवर टायर तापून रस्ता पकडायला लागलेले असतात. सातव्या फेरीत कसले थंड टायर!

मला वाटलं, संपलं. त्या रात्री बाबांना फोनवर सांगितलं.

"खोटं बोललीस का?"

"खोटं नाही हो बाबा. मला खरंच तसं वाटलं."

"मग वाईटच आहे," ते म्हणाले. "खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं."

तेव्हा राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट बदलली. गाडीतून उतरल्यावर हेल्मेट काढायच्या आत वहीत लिहायचं: कुठे ब्रेक मारला, कुठे पाय उचलला, कुठे घाबरले. पडदा बघण्याआधी. मग इंजिनीअरसमोर ते वाचायचं आणि रेषांशी ताडून बघायचं. पहिल्या सत्रात निम्मं चुकलं. दुसऱ्यात एक-दोन जागा सोडल्या तर जुळलं. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, ‘इथे आधी ब्रेक मारला, कारण हात दुखत होते.’ त्याने पहिल्यांदा वर बघितलं. मला वाटलं, आता हातांबद्दल बोलेल. तर म्हणाला, हे वाक्य तुझ्या पहिल्या सत्रात असतं तर आपला एक दिवस वाचला असता.

गिरकीच्या त्या वळणात पाय न उचलता जायला मला दुसऱ्या दिवसाच्या तिसऱ्या सत्रापर्यंत वेळ लागला. दोन्ही दिवस धरून माझा सर्वोत्तम वेळ सहा जणांत चौथा. जागा दोन.

निकाल तीन आठवड्यांनी कळणार होता. त्या काळात मी नियमांची गणितं करत बसले. फॉर्म्युला १ चालवायला लागणाऱ्या सुपर लायसन्सला तीन मोसमांत ४० गुण लागतात आणि सहसा वय १८. फॉर्म्युला ४ ची मालिका जिंकली तरी १२ मिळतात. मॅक्स वर्स्टॅपन २०१५ मध्ये सतराव्या वर्षी फॉर्म्युला १ मध्ये उतरला, त्यानंतर हे नियम कडक झाले. चौथ्या आलेल्या मुलीने ही गणितं का करावीत, हा प्रश्न आईने विचारला होता. मी तिला फॉर्म्युला १ पर्यंत पोचलेल्या युकी त्सुनोदाची गोष्ट सांगितली. होंडाच्या सुझुकातल्या शाळेत त्याला शिष्यवृत्ती मिळाली नव्हती, तरी प्रमुख सातोरू नाकाजिमांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. आई म्हणाली, "तुझ्यासाठी कोण टाकणार?"

इंजिनीअरने टाकला. कंपनीच्या लोकांनी फोनवर सांगितलं की सर्वांत वेगवान मुलगा निवडलाय, आणि दुसरी मी. पहिल्या दिवसाच्या सकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त वेळ मी कमी केला होता. अर्थात मी सुरुवातच इतकी हळू केली होती की कमी करायला जागा भरपूर होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. रेषांमध्ये दिसतंच.

मग करार. हे लोक सांगत नाहीत, म्हणून सांगते: ‘निवड झाली’ म्हणजे सगळा खर्च कंपनी करते असं नाही. आमच्या करारात सिम्युलेटर, प्रशिक्षण आणि फॉर्म्युला ४ संघातल्या जागेचा काही भाग त्यांचा, उरलेला आम्ही उभा करायचा. करार एक वर्षाचा, पुढे ठेवायचं की नाही ते त्यांच्या हातात. उलट मी वर आले तर पुढची काही वर्षं पहिला हक्क त्यांचा. आईने पेन्सिल घेऊन प्रत्येक कलमाखाली रेघ मारली आणि वकिलाला एकच विचारलं: आपण सोडायचं म्हटलं तर काय? त्या कलमावर दोन आठवडे पत्रव्यवहार चालला. कंपनीचे लोक चिडले नाहीत, त्यांना सवय असावी. सही करताना बाबांचा हात माझ्या हातापेक्षा जास्त कापत होता.

पहिल्या सरावाला गेले तेव्हा तोच मेकॅनिक होता. जुनी सीट घेऊन आला, मला बसवलं, पट्टे ओढले आणि परत सोडले. मधल्या काळात माझी उंची दोन सेंटीमीटर वाढली होती. त्याने नवी पिशवी अंथरली.

"या वेळी नीट बस," तो म्हणाला.

मी खांदे सैल सोडले, पाय पेडलवर ठेवले. फेस गरम होत वर यायला लागला.