कायद्यात मोफत असलेली गोळी आम्ही विकत का आणतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझा थोरला भाऊ गेली चौदा वर्षे लिथियम घेतो. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापैकी कोणी ना कोणी अधूनमधून विचारतेच, की मानसिक आजारावरची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत देण्याचा कायदा झालेला असताना तुम्ही ती मेडिकलमधून का आणता? विचारण्यात कधी कुतूहल असते, तर कधी सरकारी गोळीवर यांचा विश्वास नसावा असा किंचित संशय.

कायदा आहे, हे खरेच. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली संमत झाला आणि मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या 18व्या कलमात असे म्हटले आहे की, अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधे मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी आरोग्यसंस्थांमध्ये विनामूल्य आणि सर्वकाळ उपलब्ध असतील. सामुदायिक केंद्र म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय; गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र या तरतुदीच्या कक्षेत येत नाही. लिथियम राष्ट्रीय यादीत आहे. कागदावर, म्हणजे, दादाची गोळी त्याच्या हक्काची आहे, आणि त्या वाक्यातला ‘सर्वकाळ’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो.

लिथियमचे औषध म्हणजे एक साधा क्षार आहे. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग होतो हे दाखवले, आणि आजही ते महाग औषधांत मोडत नाही. महाग आहे ते त्याच्याभोवतीचे सारे. रक्तातले त्याचे प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहावे लागते. कमी पडले तर उपयोग नाही आणि वाढले तर विषबाधा होते. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, सोबत मूत्रपिंडे आणि थायरॉईडही पाहावे लागतात. तपासणीच्या दिवशी रात्रीच्या गोळीनंतर बारा तास मोजून रक्त द्यायचे असल्याने दादा सकाळची गोळी कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवतो आणि सुई निघाली की तिथेच पाण्याबरोबर घेतो. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ही तपासणी होत नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या खाजगी प्रयोगशाळेपर्यंतचे एसटीचे भाडे आणि दादाचा एक दिवसाचा रोज हे त्या मोफत गोळीच्या हिशेबात धरावेच लागतात.

तरीही पहिली काही वर्षे आम्ही रुग्णालयातूनच औषध घेत होतो. मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा जिल्ह्याहून येत, केसपेपरवर महिन्याचे औषध लिहीत आणि खिडकीवर बहुधा पंधरा दिवसांचे मिळे. एका पावसाळ्यात मात्र ‘शिल्लक नाही’ असे ऐकून दादा परतला, पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला, पुन्हा तेच ऐकले आणि घरी कोणाला काही बोलला नाही. गोळी अशी अचानक तुटली की आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे मला तेव्हा पुस्तकी माहितीसारखे ठाऊक होते. तिसऱ्या आठवड्यात तो पहाटे तीनला उठून अंगण धुऊ लागला आणि त्यानंतर चारच दिवसांनी त्याने एका जुन्या टेम्पोसाठी वीस हजारांचा इसार देऊन टाकला. इसार बुडाला, आणि त्याला दोन महिने जिल्ह्याच्या गावी ठेवावे लागले. तेव्हापासून आम्ही विकत आणतो.

उत्तर इथेच संपले असते, तर मी ते तोंडीच दिले असते. खिडकीवरच्या औषधनिर्मात्याने पुढे एकदा मला जे समजावले त्याने मी अस्वस्थ झाले. मनुष्य भला आहे. साठा आला की स्वतः फोन करतो. तो म्हणाला, “ताई, वरची मागणी मागच्या खपावरून ठरते. औषध नसलं की खप शून्य, खप शून्य दिसला की पुढची मागणी कमी, आणि तुम्ही बाहेरून घ्यायला लागलात की आमच्या नोंदवहीत तुम्ही उरतच नाही.” म्हणजे खिडकीवरून किती गोळ्या दिल्या हे मोजले जाते, रुग्ण किती दिवस गोळीविना राहिला हे कुठेच मोजले जात नाही, आणि कायद्यातला ‘सर्वकाळ’ खरा की खोटा, हे तर फक्त त्या दुसऱ्या आकड्यावरूनच कळू शकते. नवीन मनोरुग्णालये, हेल्पलाइन, जनजागृतीचे सप्ताह यांना माझा विरोध नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर आमच्याशी आपुलकीने बोलणारी माणसे भेटली आहेत, पण फोनमधून गोळी हातात पडत नाही. ज्याची मात्रा वर्षानुवर्षे स्थिर आहे त्याला तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने एकदम तीन महिन्यांचे औषध द्यावे आणि वेळच्या वेळी रक्ताचा नमुना तिथूनच पुढे पाठवावा, एवढे झाले तरी आमची निम्मी पायपीट थांबेल.

तोवर आम्ही एक उफराटी रीत पाळतो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दादा आधी रुग्णालयात जातो, केसपेपर काढतो, खिडकीवर चिठ्ठी देतो आणि साठा नसेल तर ‘शिल्लक नाही’ असे तारखेसह लिहून मागतो. सुरुवातीला तिथली माणसे कुरकुरली, आता न मागता लिहून देतात. मग तो रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये जातो. ते सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहेत; गेल्या वर्षीच्या बारांपैकी सातांवर तो शेरा आहे, आणि त्यांच्या झेरॉक्स जोडून मी माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज केला आहे.